पावसाचे उणे आकडे शून्य करून पुढे जायचं का?

काळी_माती:
इरा५-लँड या तासागणिक हवामान-आकड्यांच्या संचातला पाऊस आणि प्रारण (किरणांतून येणारी ऊर्जा) सीएलएम५ या जमिनीच्या संगणकीय मॉडेलला द्यायचं तर साठत गेलेल्या बेरजा आधी तासातासाला सुट्या कराव्या लागतात. बरेच जण सरसकट 'हा तास वजा मागचा तास' करतात आणि उणे आलं की शून्य टाकतात. हे थांबायला हवं. या संचात बेरीज रोज ०० यूटीसीपासून (जागतिक वेळ, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच) नव्याने सुरू होते, पण ०० वाजताचा आकडा आदल्या दिवसाची पूर्ण बेरीज असतो. म्हणून ०१ वाजता वजाबाकी करायचीच नसते, तो आकडा तसाच घ्यायचा. तिथे वजाबाकी करून, उणे आलं म्हणून शून्य टाकलं की भर पावसाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसहाचा पाऊस रोज गायब. पाऊस दिवसभर सारखा धरला तर चोविसावा हिस्सा. ३००० मिमीच्या कोकणात १२५ मिमी!

बॅचजॉब:
०१चं मान्य. पण शून्य करणंच बंद करा, हे पटत नाही. फाईल पॅक करताना, म्हणजे जागा वाचवायला, आकडे ठराविक पायऱ्यांमध्ये बसवले जातात, त्यामुळे कोरड्या तासालाही किंचित उणे निघतं. मॉडेलचा चाळीस वर्षांचा रन अशा कणभर आकड्यांसाठी अडवायचा? रांगेत थांबून मिळालेले मशीनचे तास फुकट जातात.

काळी_माती:
कणभर म्हणजे किती ते फाईलच सांगते. एका आकड्यात जास्तीत जास्त अर्ध्या पायरीची चूक, म्हणून वजाबाकीत एका पायरीची, म्हणजेच पॅक केलेल्या नेटसीडीएफ फाईलमध्ये लिहिलेल्या स्केल-फॅक्टरइतकी (पायरीची उंची). तेवढं उणे खुशाल शून्य करा. त्याहून जास्त उणे आलं तर स्क्रिप्टने तारीख आणि तास छापून थांबावं.
दीर्घलहरी प्रारणात (आकाशातून जमिनीकडे येणारी उष्णता) बघा काय होतं. दिवसभर ४०० वॅट प्रति चौमी असेल तर ०१ वाजता चुकीच्या वजाबाकीतून उणे ९२०० येतं. शून्य केलं तरी सीएलएम रन थांबवतं, कारण त्याला हे प्रारण शून्याहून जास्तच लागतं. मग लोक किमान ५० ठरवून टाकतात. रन धावतो, आणि जमिनीला रोज सकाळी एक तास ३५० वॅट कमी मिळतात.

आठ_तीस:
बेरीज बरोबर असूनही वेळ चुकते, त्याचं काय? हवामान खात्याच्या पाव अंशाच्या चौकटींच्या ग्रिडमधला पाऊस त्या तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो, म्हणजे ०३ ते ०३ यूटीसी. तो ००-०० समजून २४ने भागतात. दोन तासांत कोसळलेले ७२ मिमी मग ताशी ३ मिमीची रिपरिप होतात. पानांवर जास्त पाणी अडतं, तिथूनच उडतं, अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) घटतो. रोजची बेरीज खात्याची घ्या, तासांची वाटणी त्याच ०३-०३ खिडकीत इराची.

बॅचजॉब:
आणि इराने त्या दिवशी थेंबही दाखवला नसेल तर? वाटणी काढताना शून्याने भागावं लागतं. शेजारच्या सेलची (चौकटीची) वाटणी उसनी घेतलीत तरी ऊन आणि आर्द्रता इराचीच राहते. ८०० वॅटच्या उन्हात ७२ मिमी, हे भौतिकदृष्ट्या बसतं कुठे?

आठ_तीस:
बाष्पीभवन हाच तुमचा प्रश्न असेल तर असे दिवस मोजा, आणि फार निघाले तर सगळं इराचंच ठेवा. नदीचा प्रवाह काढायचा असेल तर मी बेरीज खात्याचीच घेईन. घाटमाथ्यावर पाण्याचा हिशेब चुकला तर ऊन बरोबर असून उपयोग नाही.