टाचा फुटल्यावर तुमच्याकडे काय लावायचे? (चरबीही चालेल)

तापीकाठची
सकाळी भाचीचा फोन. "मावशी, चेहऱ्याला बीफ टॅलो लावू का? रीलवर सगळ्या लावताहेत." टॅलो म्हणजे काय गं, तर गायीबैलाची चरबी, कढवून गाळलेली! मला एकदम यावलची आजी आठवली. ती बोकडाच्या गुर्द्याभोवतीची चरबी मागून आणायची, मंद आचेवर कढवून फडक्यातून गाळायची. गार झाली की वाटीत खडूसारखी पांढरी, घट्ट. रात्री वाटी निखाऱ्यावर जराशी धरून टाचांच्या भेगांत भरायची, वर जुने मोजे. मोजे नसले की मांजर पाय चाटायला हजर. तुमच्याकडे काय असायचं? लिहा.

कपाशीवाला
मांजर! हाहाहा. आमच्याकडे वेचणीत बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघतात. आई मेण न् खोबरेल तेल वितळवून डबीत भरते. आज वेचणीच आहे, नंतर लिहितो.

धुळ्याची सून
आमच्या माहेरी माळकरी घर. चरबी म्हटलं असतं तर आजीने डबीसकट मला गोमूत्रात बुडवलं असतं. तूपच लावायचो.

गोळ्यावाला
दुकानात गिऱ्हाईक आहे, थोडक्यात लिहितो. टॅलोत ओलिक, पामिटिक, स्टिअरिक ही स्निग्धाम्लं मुख्य. तुपातही हीच, प्रमाण वेगळं. चरबी कातडीला पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. म्हणून आंघोळ झाल्यावर ओलसर अंगालाच लावायची. टाचेला ठीक, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला नको. भाचीला सांगा, ऊनही अडत नाही त्याने.

भुसावळकर
१८५७ ला काडतुसांना लावली तर केवढं रामायण झालं, आता लोक पैसे मोजून तोंडाला लावताहेत.

एरंडोलचा
२०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैलही कापायला बंदी आहे ना? मग भाची मागवणार कुठून?

तापीकाठची
राजकारण नको हो, टाचांवर या.

पाचोऱ्याची लेक
साबणाच्या कागदावर सोडियम टॅलोएट दिसलं की समजायचं, चरबी आहे. नणंदेने परदेशातून आणलेला साबण सासूबाई देवपूजेआधी वापरतात. मी वाचलंय. मी गप्प आहे.

धुळ्याची सून
@पाचोऱ्याची लेक, मेले मी!! अजिबात सांगू नकोस.

वैद्यांची नात
कुणी शतधौत घृत केलंय? तांब्याच्या परातीत तूप, त्यात पाणी घालून तळव्याने घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, असं शंभर वेळा. पांढरंशुभ्र, हलकं होतं, तुपाचा वास जातो. पण दंड भरून येतात. पुढच्या वेळी नवऱ्याला बसवणार आहे.

कपाशीवाला
आलो. पोरी, पायले काय बी लावा, पण भरीताचं बोला. बामणोदची वांगी आली का कुणाकडे?

भुसावळकर
आली. काड्यांवर भाजताय की गॅसवर? गॅसवर म्हणालात तर बोलणं बंद.