मदत हवी आहे: कपाशीत डोमकळ्या, सापळे मात्र रिकामे. फवारू की थांबू?

घाटंजीचा_कापूसवाला
नमस्कार मंडळी, लवकर सांगा. कपाशीत डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसायला लागल्या आहेत, पण पतंग पकडायच्या सापळ्यात एकही पतंग नाही. एक डोमकळी उकलून पाहिली. पाकळ्या आतून जाळ्यानं चिकटलेल्या, त्यात बारीक अळी, डोकं काळपट, अंग पांढरं. गुलाबी नाही, मग ही बोंडअळी नसावी ना? कृषी केंद्रवाला प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन या कीटकनाशकांचं मिश्रण मारायला सांगतो. बाबांचंही तेच म्हणणं. आमच्या गटात यंदा गरज नसताना विषारी फवारणी करायची नाही असं ठरलं आहे. फवारणीवाला उद्या सकाळचा सांगून ठेवलाय. आजच उत्तर पाहिजे.

काळी_माती
भाऊ, पीक किती दिवसांचं? अळीरोधक बीटी की सरळ वाण? ओलित की कोरडवाहू? सापळे एकरी किती? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

घाटंजीचा_कापूसवाला
बीटीच, आमच्याकडे दुसरं काय असतं. जूनच्या मध्यात लावलं. पाच एकर, दहा सापळे. फवारू की नको, तेवढं सांगा.

रानपाखरू
दशपर्णी अर्क करा दादा. कडुनिंब, करंज, रुई, सीताफळ, एरंड, जो पाला मिळेल तो ड्रममध्ये कुजवा, शेण आणि गोमूत्र घाला. मी दुसरं काही वापरतच नाही. पोळ्याच्या अमावस्येनंतर अळी वाढतेच, घाबरू नका.

काळी_माती
रानपाखरू, दशपर्णी मुरायला महिना लागतो. त्यांचा माणूस उद्या सकाळी पंप घेऊन उभा राहणार आहे.

शेंदरी_बोंड
आधी अळीचं. गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढरीच असते, मोठी झाल्यावर गुलाबी होते. पाकळ्या चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं आणि आत अळी, म्हणजे तीच. रंगावर जाऊ नका. बीटी आहे म्हणून निर्धास्तही राहू नका, बोलगार्ड 2 या बीटी बियाण्याला ती केव्हाच दाद देईनाशी झाली आहे.
आता सापळ्याचं. त्यातली ल्यूर, म्हणजे नर पतंगाला ओढणारी गंधाची वडी, कोणती आणि कधी लावली? अमेरिकन बोंडअळीची असेल तर गुलाबीचे नर तिकडे फिरकणारच नाहीत.

मणी_आणि_घड
आम्हा नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे 2010 ला कळलं. युरोपात द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि मोठं नुकसान झालं. तेव्हापासून फवारणीची नोंद ठेवल्याशिवाय चालत नाही, निर्यातीच्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. कापसालाही असाच नियम लावला तर फवारण्या निम्म्यावर येतील.

काळी_माती
दादा, तुमच्या घडाला परदेशी गिऱ्हाईक नोंदवही मागतो. आमचा कापूस जिनिंगवाला ओलावा आणि धाग्याची लांबी बघून घेतो. किती फवारे मारले हे आजवर मला कोणी विचारलं नाही. वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

घाटंजीचा_कापूसवाला
ल्यूर गुलाबीचीच आहे, पाकिटावर तसं लिहिलंय. योजनेतून सापळे मिळाले तेव्हा सोबत आली, जूनअखेर लावली. तीच आहे अजून.

शेंदरी_बोंड
मग तिथंच आहे सगळं. ल्यूर तीन-चार आठवडे काम करते, नंतर गंध उरत नाही. तुमचा सापळा रिकामा आहे म्हणजे पतंग नाहीत असं नाही, सापळा बंद पडला आहे. आजच तालुक्याहून नवी आणा. लावताना हाताला तंबाखू किंवा औषधाचा वास नको.

विषमुक्त_विदर्भ
2017 ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तरी आजही दुकानदार तीच मिश्रणं हातात देतो आणि आपण घेतो. सरळ बंदी घाला सगळ्यावर. सिक्कीमनं करून दाखवलं.

लेखाजोखा
सिक्कीममध्ये कोरडवाहू कापूस नाही आणि रसायनांचा वापर आधीच थोडा होता. श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतं आणि कीडनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली, भात-चहा खाली आला आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. बंदी घालावी, पण सर्वांत विषारी रसायनांपासून सुरू करावी. मोनोक्रोटोफॉस 36 टक्के एसएल या कीटकनाशकावर 2023 मध्ये बंदीचा आदेश निघाला, तो योग्यच होता. पण बंदीबरोबर शेतात जाऊन कीड मोजणारा माणूस हवा. राज्यात 2009-10 पासून क्रॉपसॅप ही कीड-रोग सर्वेक्षणाची सरकारी योजना आहे, सर्वेक्षण होतं, सल्ला निघतो. तरी ऐन वेळी शेतकरी कोणाकडे जातो? औषध विकणाऱ्याकडे. हे बदलल्याशिवाय धोरण कागदावरच राहणार.

विषमुक्त_विदर्भ
मोजणारा माणूस येईपर्यंत आणखी किती मजूर मरू द्यायचे?

शेंदरी_बोंड
दोघांचंही खरं आहे. पण याच धाग्यात बघा ना. सापळा फुकट मिळाला, दुसरी ल्यूर कोण देणार हे कोणी ठरवलंच नाही. फवारणी कमी करण्याची अख्खी योजना त्या एका ल्यूरवर अडली आहे. हंगामभराच्या ल्यूर सापळ्यासोबतच दिल्या पाहिजेत.
कापूसवाले भाऊ, आता मोजा. शेतात तिरपं चालत वेगवेगळ्या झाडांवरची शंभर फुलं पाहा, त्यात डोमकळ्या किती? दहाला पोचल्या तर फवारणीचा विचार. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले तरी तसंच.

घाटंजीचा_कापूसवाला
मोजलं. शंभरात सहा. धुऱ्याकडे, म्हणजे बांधाच्या बाजूला जास्त, मधात कमी. पलीकडच्या शेतात मागच्या वर्षीची फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेली कपाशी, मार्चपर्यंत उभी होती.

पंपवाला_दिग्रस
सहा म्हणजे दहाच्या जवळच झालं. मारून टाका, नंतर रडण्यापेक्षा बरं.

शेंदरी_बोंड
नको. सायपरमेथ्रिन इतक्या लवकर मारलं तर मित्रकिडी जातात आणि पांढरी माशी उठते. मग तिच्यासाठी दुसरी फवारणी. सहा म्हणजे अजून हातात वेळ आहे.
उद्याचा माणूस परत पाठवू नका, त्याला डोमकळ्या वेचायला लावा, धुऱ्यापासून सुरुवात. वेचलेल्या बांधावर टाकू नका, अळी तिथंच कोषात जाते. जाळा. मग पाच टक्के निंबोळी अर्क मारा: पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, शंभर लिटर करा. ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी खाणाऱ्या मित्रकिडीची कार्डं) मिळाले तर अर्कानंतर तीन-चार दिवसांनी लावा, सोबत नको. फरदडवाल्यालाही यंदा गटात घ्या, त्याच्या शेतातून येणारं तुम्ही एकट्यानं थांबवू शकणार नाही.

घाटंजीचा_कापूसवाला
बाबांना आकडा सांगितला, कुरकुरत का होईना तयार झाले. ल्यूर आणायला निघतोय. निंबोळी मागच्या वर्षीची पोत्यात आहे, वरून थोडी बुरशी दिसते. चालेल का?

काळी_माती
बुरशीची काढून टाका भाऊ, चांगली वाळलेली तेवढीच घ्या. कमी पडली तर पाणी त्या मापात कमी करा, अर्क पातळ करू नका. आणि फवारा संध्याकाळी, उन्हात त्याची ताकद जाते.