डाळिंबावर काळे ठिपके: तेल्या की बुरशी?

भगवा_सांगोला
भगवा जातीची बाग, चौथं वर्ष, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेला). फळं लिंबाएवढी झालीत. आठवडाभर रिमझिम झाली आणि आता पानांवर, काही फळांवर काळपट ठिपके दिसतायत. पश्चिमेकडच्या ओळींत जास्त आहेत. दुकानदार म्हणतो तेल्या (जिवाणूमुळे होणारा रोग) आहे, स्ट्रेप्टोसायक्लिन आणि कॉपर (तांब्याचं औषध) मारा. शेजारचे म्हणतात बुरशी आहे, कार्बेन्डाझिमने जाईल. घरच्या घरी ओळखायचं कसं आणि आत्ता नेमकं काय करायचं?

माणदेशी_डाळिंब
दादा, आधी ओळख पक्की करा, मग पंपाला हात लावा. ठिपके असलेलं पान तोडून सूर्याकडे धरून बघा. तेल्या असेल तर ठिपक्याची कडा पाणी भरल्यासारखी, तेलकट आणि अर्धपारदर्शक दिसते. ठिपके लहान असतात, शिरांनी अडवल्यामुळे कोनदार होतात. नंतर मधला भाग तपकिरी होतो, पान पिवळं पडून गळतं.

फळावर ओळख आणखी सोपी. तेल्याचा डाग मोठा झाला की सालीला एल किंवा वाय आकाराच्या, कधी चांदणीसारख्या भेगा पडतात. सरकोस्पोरा बुरशीचा डाग काळा आणि गोलसर असतो, त्याला तेलकटपणाही नसतो आणि भेगाही पडत नाहीत. अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाचा डाग तपकिरी आणि खोलगट असतो.

तरी शंका राहिली तर एक चाचणी करा. ताज्या ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा ब्लेडने कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात अलगद सोडा आणि ग्लास न हलवता थोडा वेळ बघत राहा. कापलेल्या कडेतून दुधाळ धार उतरली तर जिवाणू, म्हणजे तेल्या. जुना वाळलेला डाग घेऊ नका, त्यातून काही निघत नाही आणि माणूस उगाच निर्धास्त होतो.

खोड आणि फांद्यांचे पेरेही तपासा. पेऱ्यावर काळा चट्टा असेल आणि फांदी तिथूनच कडकन मोडत असेल तर तेल्या झाडात मुरलेला आहे.

भगवा_सांगोला
दुधाळ धार आली. तीन-चार फळांना भेगाही सापडल्या. पेरे अजून स्वच्छ आहेत.

कृषी_पंढरपूर
मग तेल्याच. झँथोमोनास नावाचा जिवाणू आहे, त्यामुळे कार्बेन्डाझिमचा खर्च पूर्ण वाया जाईल, ते बुरशीनाशक आहे. तो पावसाच्या थेंबांच्या उडण्याने आणि वाऱ्याने पसरतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या ओळींत आधी दिसतो.

आता पहिलं काम फवारणी नव्हे, तर वेचणी. पानं पूर्ण कोरडी झाल्यावरच बागेत शिरा. ओल्या बागेत माणूस फिरला की कपड्यांनी आणि हातांनी रोग ओळीओळीत जातो. निरोगी ओळींपासून सुरुवात करून रोगट ओळी शेवटी घ्या. डागी फळं आणि खाली पडलेली पानं पोत्यात भरा आणि बागेबाहेर जाळा किंवा खोल पुरा. बांधावर, ओढ्यात किंवा शेणखताच्या उकिरड्यात टाकू नका. गळलेल्या पानांत हा जिवाणू कित्येक महिने जिवंत राहतो.

रोगट काडी छाटायची तर डागाच्या दोन इंच खालून छाटा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवा. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एका भागात चार भाग पाणी. कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी.

वेचणी झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फवारणी. कॉपर हायड्रॉक्साइड २ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) अर्धा मिली. पानाच्या खालच्या बाजूलाही द्रावण पोहोचलं पाहिजे. पाऊस चालू असेल तर सात दिवसांनी, उघडीप असेल तर दहा दिवसांनी पुन्हा. तांबं फक्त बाहेरून राखण करतं. आत शिरलेला जिवाणू मरत नाही, म्हणून आजचे डाग तसेच राहणार. नवे डाग येतात का, हे बघायचं.

भगवा_सांगोला
बोर्डो फळांवर चालेल का? आणि दुकानदाराचं स्ट्रेप्टोसायक्लिन?

माणदेशी_डाळिंब
फळांवर अर्ध्या टक्क्याचं. १०० लिटरला मोरचूद ५०० ग्रॅम, कळीचा चुना ५०० ग्रॅम. दोन प्लॅस्टिकच्या पिंपांत ५०-५० लिटर पाण्यात दोन्ही वेगवेगळे विरघळवा, चुना गाळून घ्या, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि काठीने ढवळत राहा. लोखंडी भांडं नको. चकचकीत लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. ही तपासणी चुकली की पानं करपतात आणि लोक दोष बोर्डोला देतात. त्याच दिवशी संपवा. दुसरं कोणतंही औषध किंवा विद्राव्य खत त्यात मिसळू नका, द्रावण आम्लधर्मी झालं की तांबं जास्त मोकळं होतं. पानं ओली असताना फवारू नका. पांढरा थर फळावर राहतो, त्यामुळे काढणी जवळ आल्यावर बोर्डो नकोच.

कृषी_पंढरपूर
स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, माणसांसाठी वापरली जाणारी प्रतिजैविकं. शेतीत त्यांचा वापर २०२४ पासून बंद करण्याची अधिसूचना केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढली होती. शिवाय वारंवार मारल्याने जिवाणू त्याला दाद देईनासा होतो. दुकानदाराला स्पष्ट नाही म्हणा.

युरिया आणि नत्राची विद्राव्य खतं सध्या थांबवा. कोवळी लुसलुशीत फूट तेल्याला सगळ्यात आधी बळी पडते.

बहार_नियोजन
वर सगळं बरोबर सांगितलंय, पण मृग बहार धरत राहिलात तर दरवर्षी हेच होईल. मृगात फळ वाढतं तेच मुळी पावसात. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तेल्याग्रस्त बागांना हस्त बहार सुचवतं, तो याचसाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरची फूट, फळवाढ कोरड्या हवेत. आपल्याकडे परतीच्या पावसामुळे ताण (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) नीट बसत नाही हा त्यातला अडथळा खरा आहे, हलक्या मुरमाड जमिनीत जमतं, भारी काळ्या जमिनीत अवघड.

या बहाराची काढणी झाली की बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. त्या काळात १ टक्का बोर्डो मारा. पानगळीनंतर जमिनीवरचा सगळा पाला उचला आणि मगच एकरी १० किलो ब्लीचिंग पावडर ४०० लिटर पाण्यात मिसळून जमिनीवर फवारा. झाडावर उडू देऊ नका. पाला न उचलता ब्लीचिंग मारलं तर पाल्याच्या थराखाली काहीच पोहोचत नाही.

आणि या बागेतून गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) बांधायला कोणालाही काड्या देऊ नका. आज स्वच्छ दिसणाऱ्या काडीतूनही तेल्या दुसऱ्या गावात जातो.