स्तनवर्धनासाठी कोणते इम्प्लांट निवडावे? सल्ला हवा आहे

अबोली:
नमस्कार. माझे वय 34 असून मी नाशिकला राहते. दोन बाळंतपणे झाली, दोन्ही मुलांना अंगावर पाजले, आणि त्यानंतर स्तनांचा वरचा भाग अगदी रिकामा झाला. आणखी मूल नको हे आमचे ठरले आहे आणि शस्त्रक्रियेचा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला आहे, त्यामुळे चर्चा इम्प्लांटच्या निवडीपुरतीच ठेवावी, ही विनंती. दोन प्लास्टिक सर्जनना भेटले. पहिल्यांनी गोल, गुळगुळीत पृष्ठभागाचे 275 सीसीचे (म्हणजे मिलिलिटर) सिलिकॉन इम्प्लांट सुचवले, तर दुसऱ्यांनी थेंबाच्या आकाराचे, खरबरीत पृष्ठभागाचे 325 सीसीचे. माझ्या मैत्रिणीचे 350 सीसीचे आहेत आणि तिला ते शोभतात. कशाच्या आधारावर ठरवावे?

केतकी:
अबोलीताई, मैत्रिणीचा आकडा आधी मनातून काढून टाका. माझी शस्त्रक्रिया पुण्यात सहा वर्षांपूर्वी झाली, आणि त्याआधी मीही सीसीच्याच मागे लागले होते. खरे माप स्तनाच्या तळाच्या रुंदीचे असते. तुमच्या स्तनाचा तळ समजा 12 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याहून रुंद इम्प्लांट बसवल्यास ते काखेकडे तरी सरकते किंवा मध्यभागी तरी दाटी करते, आणि ऊती कायमच्या ताणल्या जातात. एकाच 300 सीसीचे इम्प्लांट पसरट आणि कमी उंचीचे मिळते तसेच अरुंद आणि पुढे जास्त उभार देणारेही मिळते. म्हणून डॉक्टर आधी रुंदी मोजतात, मग वरच्या भागातील कातडी आणि चरबी चिमटीत धरून तिची जाडी पाहतात. ती जाडी 2 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांटची कड वरून जाणवू नये म्हणून ते निदान काही भागात तरी छातीच्या स्नायूखाली ठेवण्याकडे कल असतो. मी भेटलेल्या पहिल्या डॉक्टरांनी टेप हातातही न घेता आकडा सांगितला होता. तिथे मी परत गेले नाही.

घरी एक गोष्ट अवश्य करून पाहा. मापाच्या कपाने तांदूळ मोजून जुन्या पायमोज्यांत भरा, गाठ मारा आणि सैल ब्रामध्ये ठेवून दिवसभर वावरा. मी 325 मिलिलिटरपासून सुरुवात केली. पोळ्या लाटताना वाकले की ओढ जाणवायची, आणि तिसऱ्या दिवशी दोन मजले चढून आल्यावर खांदे भरून आले. शेवटी 260 वर समाधान झाले. हा केवळ अंदाज आहे, आणि तांदूळ हलका असल्याने प्रत्यक्षातले वजन याहून जास्तच भरेल, कारण सिलिकॉनचे 275 सीसीचे एक इम्प्लांट साधारण तितक्याच ग्रॅमचे असते, म्हणजे जोडीचे वजन अर्ध्या किलोच्या वर जाते.

मोगरा (शस्त्रक्रियागृहात परिचारिका):
केतकीताईंचे म्हणणे पटते. मी पृष्ठभागाविषयी लिहिते, कारण दोन डॉक्टरांच्या सल्ल्यातील मोठा फरक तिथेच आहे. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरले तर स्तनाचा आकार बिघडतो, म्हणून ते जागेवर राहावे यासाठी खरबरीत पृष्ठभागाचे बनवतात; गोल इम्प्लांट फिरले तरी फरक दिसत नाही. परंतु खरबरीत पृष्ठभागाशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध आढळला आहे. हा कर्करोग स्तनाच्या ऊतीत नव्हे, तर इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेल्या आवरणात होतो. जुलै 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) जगभरातील 573 रुग्णांची नोंद जाहीर केली, त्यांपैकी 481 जणींकडे ॲलर्गन कंपनीचे इम्प्लांट होते, आणि कंपनीने बायोसेल हा खरबरीत प्रकार जगभरातून परत मागवला. लक्षणे नसतील तर आधीच बसवलेले काढावे असे तेव्हाही सांगितले नव्हते. मात्र नव्याने निवडताना दुसऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न थेट विचारा. मला स्वतःला तुमच्या बाबतीत गोल आणि गुळगुळीत हाच पर्याय योग्य वाटतो.

कंपनीचे नाव आणि प्रकार शस्त्रक्रियेआधीच लेखी घ्या. फ्रान्समधील पीआयपी कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत असल्याचे 2010 मध्ये उघड झाले, तेव्हा आपल्या शरीरात नेमके कोणते इम्प्लांट आहे हे कळण्यासाठी कागदच कामी येत होता. आम्ही डबा उघडला की त्यातील अनुक्रमांकाची चिकटपट्टी केसपेपरवर लावतो. तीच पट्टी तुम्हाला मिळणाऱ्या इम्प्लांटच्या कार्डावरही लावून मागा.

अबोली:
दोघींचेही मनापासून आभार. एक विचारायचे राहिले. स्तन थोडे ओघळलेही आहेत. इम्प्लांटने ते उचलले जातील का?

केतकी:
आरशासमोर ताठ उभ्या राहा आणि स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या वर आहे की खाली, ते पाहा. वर असेल तर बहुधा इम्प्लांट पुरेल. खाली असेल तर स्तन वर उचलण्याची, म्हणजे लिफ्टची शस्त्रक्रिया सोबत लागते, आणि ती टाळण्यासाठी मोठे इम्प्लांट घालणे हा चुकीचा मार्ग आहे, कारण वजनाने स्तन पुन्हा ओघळतो.

शेवंती:
खर्चाचे आधीच ध्यानात घ्या. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा लागू होत नाही, आणि इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. आवरण आवळून स्तन कडक होणे किंवा इम्प्लांट फाटणे यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. सिलिकॉन आतल्या आत फाटले तर बाहेरून कळतेच असे नाही, म्हणून लक्षणे नसली तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी, असा एफडीएचा सल्ला आहे. पुढे मॅमोग्राफीला जाल तेव्हा तंत्रज्ञांना इम्प्लांटविषयी आधी सांगा.

अबोली:
पाहिले. उजवे स्तनाग्र घडीच्या किंचित वर आहे, डावे बरोबर घडीवर. सोमवारी पहिल्या डॉक्टरांकडे जाते, दोन्ही बाजूंची रुंदी आणि जाडी वेगवेगळी मोजून लिहून मागते, आणि डाव्या बाजूला लिफ्ट लागेल का, हेही विचारते. तांदूळ आज रात्रीच भरते, 250 पासून.