मदत हवी आहे: आशा-स्वप्नांवरची, पण उपदेश न करणारी मराठी कविता

दहावीच्या मुलांसाठी कवितावाचन ठरवतेय. विषय आहे, स्वप्नं घट्ट धरून ठेवणं. अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज यांची १९२३ची 'ड्रीम्स' घेतली आहे. आठच ओळी, पण स्वप्नं सुटली की आयुष्य आधी पंख मोडलेला पक्षी होतं, मग बर्फाने गोठलेलं ओसाड शेत. सल्ला त्यातही आहे, तरी मनात राहतं ते चित्रच. शेजारी अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन: तिच्याकडे आशा हाच पक्षी, वादळातही गाणारा आणि बदल्यात काहीच न मागणारा.

मराठीत अडलंय. कुसुमाग्रजांची 'कणा' पक्की आहे. पुरात सगळं गमावलेला विद्यार्थी पैसे नाकारतो आणि पाठीवर हात मागतो, याहून मोठी आशा कोणती! पण पाठ्यपुस्तकं आणि प्रातिनिधिक संग्रह चाळून पुढे मिळालं ते बहुतेक 'हरू नकोस, ऊठ' छापाचं. मुलं त्याला कंटाळलेली असतात.

गाणी, गझला नकोत. वीसेक ओळींपर्यंतची, छापील संग्रहातली आणि शक्यतो कवयित्रीची हवी. अनुवाद नकोत, ते आधीच पुरेसे आहेत.

प्रतिमेतूनच आशा उभी करणारी अशी कोणती कविता सुचवाल, आणि ती कोणत्या संग्रहात आहे?