उन्हाने तापलेली जमीन खरंच मेलेली असते का?

सिन्नरकर:
मे महिना लागला की आमच्या सिन्नर-येवला-नांदगाव पट्ट्यात एकच बोलणं कानावर येतं: जमीन तापून मेली, आता जिवाणूंच्या बाटल्या ओतल्याशिवाय खरीप साधत नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटाचा युंगाय भाग घ्या. तिथे वर्षाला सरासरी दोन मिलिमीटरही पाऊस होत नाही. २०१५ च्या मार्चमध्ये त्या वाळवंटात अवचित पाऊस कोसळला आणि बर्लिनच्या डिर्क शुल्झे-माकुख यांच्या चमूने २०१७ पर्यंत तिथली माती तपासली. मेलेल्या पेशींचा मातीत सांडलेला डीएनए आणि धड पेशींच्या आतला डीएनए त्यांनी वेगवेगळा काढला. पावसानंतर जिवाणू खरोखर कामाला लागले होते आणि माती सुकत गेली तसे मंदावले. तिथे जीव तग धरतो, तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या आमच्या मुरमाड रानातला जीव एका उन्हाळ्यात संपेल?

माती सुकली की कणांभोवतीचा पाण्याचा पातळ पापुद्रा तुटतो. अन्न एका कणावर, जिवाणू शेजारच्या कणावर, मध्ये वाटच नाही. पहिल्या वळवाने ती वाट जुळते.

निफाड_द्राक्ष:
अटाकामाचं उदाहरण तुमच्याच अंगावर उलटतं. तिथल्या जमिनीत नायट्रेटचे, म्हणजे नत्राच्या क्षाराचे, थरच्या थर आहेत. त्या पट्ट्यावरून चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात १८७९ ला युद्ध पेटलं. हे नायट्रेट मुख्यतः हवेतून खाली आलेलं आहे, त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ते कळतं. इतका काळ ते साचून का राहिलं? धुऊन न्यायला पाऊस नाही, आणि त्याचं विघटन करून नत्र परत हवेत सोडायला पुरेसे जिवाणू नाहीत. याला नत्राचं चक्र फिरतंय म्हणायचं की अडलंय?

आणि पाणी मिळालं की सगळे जागे होतात, असंही नाही. २०१५ ते २०१७ च्या पावसांनी युंगायमध्ये तळी साचली, तेव्हा तिथल्या बहुतेक जिवाणू प्रजाती परासरणाच्या झटक्याने, म्हणजे पेशीत एकदम पाणी घुसून, संपल्या. हेही २०१८ ला छापून आलंय. जीव तगणं वेगळं आणि पिकाला नत्र पुरवणं वेगळं. पहिल्याच्या भरवशावर मी बागेचं खत कमी करणार नाही.

गंगापूर_रोड (मृदाशास्त्राची विद्यार्थिनी):
दादा, "अडलंय" हा शब्द अटाकामाच्या गाभ्याला बऱ्यापैकी लागू पडतो, पण सगळ्या वाळवंटांना नाही. पूर्व अंटार्क्टिकातल्या रॉबिन्सन रिजची माती बघा. तिथे वनस्पती जवळपास नाहीत. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की तिथले जिवाणू हवेतला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड वापरून ऊर्जा मिळवतात आणि त्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शरीरात बांधून घेतात. हवेत हायड्रोजन दहा लाख भागांत अर्ध्या भागाच्या आसपास असतो, तरी तो त्यांना पुरतो! मला तरी हे वाचून थरारून आलं होतं.

जरा कमी कोरड्या वाळवंटांत जमिनीवर सजीव कवच असतं. चाकूने त्याची खपली अलगद उचलली तर खाली वाळूचे कण बारीक धाग्यांना लटकलेले दिसतात. ते धागे मायक्रोकोलियस नावाच्या नीलहरित जिवाणूचे. पाणी शिंपडलं की काही मिनिटांत ते वर सरकतात आणि तपकिरी खपली हिरवी पडते. त्याच्या सोबतीने राहणाऱ्या इतर जाती हवेतला नत्र बांधतात. आपल्याकडे बघायचं असेल तर गच्चीच्या कोपऱ्यात उन्हाळाभर काळी, कडक पडलेली पापडी असते, तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि थोड्या वेळाने भिंगातून पाहा.

सिन्नरकर:
ताई, छान सांगितलंत. निफाडकर, तुम्ही जिवाणू मरतात म्हणालात. मरतातच, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ ला दाखवलं की सुकलेली माती पुन्हा भिजली की कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो आणि पाठोपाठ नत्र मोकळा होतो. कोरड्यात तग धरायला पेशी आत विद्राव्य पदार्थ साठवतात. एकदम पाणी आलं की ते बाहेर टाकावे लागतात, नाहीतर पेशी फुटते. जे फुटतात ते उरलेल्यांचं अन्न होतात. हा नत्र आपल्याच मातीतला, फुकटचा. मात्र तो सुटतो तेव्हा रानात मूळच नसतं, आणि पुढच्या जोरदार पावसात तो खाली निघून जातो. त्यावर आपण पेरणीबरोबर पुन्हा युरिया टाकतो.

येवला_कोरडवाहू:
म्हणजे तुम्ही धूळपेरणी करा म्हणताय. आमचे वडील बाजरी तशीच पेरायचे, पावसाच्या आधी, कोरड्यात. बी मातीत असलं की पहिल्या पावसाचं सगळं त्यालाच. पण पाऊस उगवून येण्यापुरता पडला आणि पुढे ताण बसला तर दुबार पेरणी कोणाच्या माथी? बियाण्याच्या पिशवीचा भाव बघितलाय का? तुमचा फुकटचा नत्र त्या एका पिशवीची भरपाई करत नाही. जमीन मेलेली नसते हे मला मान्य आहे, पण मी चांगली ओल झाल्याशिवाय तिफण धरणार नाही.

सिन्नरकर:
भाऊ, धूळपेरणीचा आग्रह नाही. ओल बघूनच पेरा, फक्त पेरणीसोबतचा नत्राचा हप्ता कमी करून तो खुरपणीनंतर द्या. तोवर मुळं पसरलेली असतात.

निफाड_द्राक्ष:
कोरडवाहूसाठी हे चालेल. ठिबकखालची माती सुकतच नाही, म्हणून माझ्या वेलींना तुमचा लोंढा मिळत नाही. तो मिळणार दोन ओळींच्या मधल्या कोरड्या पट्ट्याला, जिथे मुळं कमी. बाटल्यांबद्दल मात्र सरसकट बोलू नका. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू) लावलं की मुळांवर गाठी येतात, हे डोळ्यांनी दिसतं.

सिन्नरकर:
रायझोबियम मीही लावतो, तेही बियाण्याला आणि सावलीत. मेच्या उन्हात उघड्या रानावर "जमीन जिवंत करायला" म्हणून जे ओतलं जातं, त्याला माझा विरोध आहे. त्या जातींना तो उन्हाळा सोसण्याची सवय नाही, मातीत आधीपासून असलेल्यांना आहे. तो पैसा शेणखतावर घाला. आणि ओळींमधल्या पट्ट्यात ताग पेरून बघा, पहिल्या पावसाचा नत्र तो धरून ठेवील.

निफाड_द्राक्ष:
ताग एका प्लॉटमध्ये करतो. खताचं वेळापत्रक मात्र पान-देठ परीक्षणाचा अहवाल आल्याशिवाय बदलणार नाही.