आईची इलेक्ट्रिक व्हीलचेअर विमानात न्यायचीय, नक्की काय सांगायचं एअरलाइनला?

पहिलीच_फेरी:
नमस्कार मंडळी. आईला दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू अजून कमजोर आहे. आधार दिला तर उभी राहते, चार-पाच पावलं टाकते, जिना मात्र अजिबात जमत नाही. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच तिला विमानाने नेतेय, मध्ये एक विमान बदलायचंय. तिकीट काढताना व्हीलचेअर हवी का एवढंच विचारलं, मी हो केलं, तर कन्फर्मेशनवर डब्ल्यूसीएचआर असं काहीतरी आलंय. एवढ्यावर भागतं का? तिची स्वतःची फोल्डिंग चेअर आहे, लिथियम बॅटरीवाली, ती नेऊ देतात का हे वेगळंच टेन्शन. आणि बाथरूमचं काय करता हो तुम्ही लोक? आई म्हणतेय मी आदल्या दिवसापासून पाणीच पिणार नाही.

चाकावरचा:
ताई, आधी ते पाणी बंद करण्याचं खूळ डोक्यातून काढा त्यांच्या. मी केलाय तो प्रयोग, केबिनमधली हवा इतकी कोरडी असते की उतरेपर्यंत डोकं फुटायची वेळ आली होती. त्यापेक्षा टॉयलेटजवळची सीट मागा, आणि प्रत्येक विमानात चढायच्या अगदी आधी एअरपोर्टच्या मोठ्या टॉयलेटला जाऊन या.
कोड मात्र चुकलाय तुमचा. शेवटचं अक्षर बघायचं. आर म्हणजे माणूस जिना चढतो, केबिनमध्येही चालतो, फक्त लांब अंतर नको. एस म्हणजे जिना नाही पण सीटपर्यंत जातो. सी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं, आइलमधून, म्हणजे सीटांमधल्या वाटेतून जाणाऱ्या त्या अरुंद आइल चेअरवर बेल्ट बांधून. माझ्या तिकिटावर एकदा असंच आर पडलं होतं, विमान उभं लांब, बसने गेलो आणि समोर जिना! मी खाली, बाकी सगळे वर, पाऊण तास. तुम्ही सरळ सी टाकून घ्या, जास्तीचं सांगितलेलं कधीही बरं.

गेट_बंद:
मी बरीच वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये काढलीत, वरच्या दादांचं बाकी सगळं पटतं पण उगाच सी टाकू नका. सी दिसलं की काही एअरलाइन विचारतात इमर्जन्सीत बाहेर पडता येईल का, सोबत कोण आहे, कधी डॉक्टरांचा फॉर्म मागतात. चार-पाच पावलं टाकतात तर एस बरोबर, पण तुमची सीट अकराव्या रांगेत असेल तर चार पावलांत काय होणार? म्हणून फोन करून पुढची सीट घ्या. अगदी पहिली रांग मात्र नको, तिथे बहुतेक वेळा सीटचं हात टेकायचं हँडल उचलता येत नाही कारण ट्रे त्यातच असतो, मग बाजूने सरकून बसता येत नाही. बाकी बऱ्याच रांगांत आइलकडचं हँडल वर होतं, खालच्या बाजूला बिजागरीपाशी छोटं बटण असतं, हाताने चाचपडून सापडतं. नवीन क्रूलाही कधीकधी माहीत नसतं :)
हे सगळं निघायच्या निदान ४८ तास आधी कळवा, आणि दोन्ही विमानांसाठी कळवलंय ना ते वेगळं विचारा.
बॅटरीचं: लेबलवर व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर) बघा, गुणाकार केला की वॅट-अवर. काढता येणारी एकच असेल तर ३०० पर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. काढलेली बॅटरी तुमच्यासोबत केबिनमध्ये येते, टोकांना टेप लावून पिशवीत, सामानात टाकायची नाही. एअरलाइनची परवानगी आधीच ईमेलवर घ्या, तोंडी नको.

चाकावरचा:
मान्य, एस. माझं बोलणं तोंड पोळलेल्याचं होतं :)
चेअर चेक-इनला देऊ नका, विमानाच्या दारापर्यंत त्यावरच न्या आणि दारातच परत हवी म्हणून टॅग लावून घ्या. मध्ये विमान बदलताना पण. जॉयस्टिक निघत असेल तर काढून हातात, उशीही हातात. चारही बाजूंनी फोटो काढा. परत येताना माझं एक फुटरेस्ट वाकून आलं होतं, फोटो होते म्हणून भांडता तरी आलं. मोडतोड दिसली तर तिथेच लेखी तक्रार करा, आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे (विमानातल्या नुकसानभरपाईचा करार) ७ दिवसांची मुदत असते पण एकदा बाहेर पडलात की कोण ऐकतंय.

गेट_बंद:
आणि चेअरवर एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, ब्रेक कसा सोडायचा आणि कुठे धरून उचलायची. लोडरकडे, म्हणजे सामान चढवणाऱ्याकडे, वेळ नसतो, जे हाताला लागेल ते धरून तो उचलतो, मग आर्मरेस्ट हातात येतं.

पहिलीच_फेरी:
खूप खूप आभार दोघांचे! लेबल बघितलं, २४ व्होल्ट १२ एएच, म्हणजे २८८, आणि बॅटरी एकच आहे. हुश्श. फोन केला, एस करून दिलं दोन्ही विमानांना, सीट चौथ्या रांगेत मिळाली, बॅटरीचा ईमेल यायचाय.
चेअरचा कागद करत होते तर आई म्हणाली माझाही एक कर. तिच्या पर्सला आता कार्ड लटकवलंय, "डावा हात ओढू नका, उजवीकडून आधार द्या, घाई करू नका". शेवटचं तिने स्वतः सांगून लिहून घेतलं. पाण्याचं अजून ऐकत नाहीये.